पॅसाडेनाचे मैदान आणि जॅकी रॉबिन्सन

आमच्या विद्यालयाच्या कार्यालयात शिरताना डाव्या हाताला काचेचे एक कपाट आहे. त्यात कबड्डी, खो-खो आणि मैदानी स्पर्धांत मुलामुलींनी मिळवलेल्या ढाली, चषक व प्रमाणपत्रे मांडून ठेवलेली आहेत. प्रवेशाच्या दिवसांत पालक या कपाटापुढे घटकाभर थांबतात आणि मग हमखास विचारतात, की गुरुजी, खेळापायी अभ्यास तर बुडत नाही ना? दुसरा एक प्रश्न क्वचितच, आणि तोही माजी विद्यार्थ्यांकडून येतो. मैदानावर मिळालेला मान गावाच्या वेशीत टिकतो का, असा तो प्रश्न असतो.

हा दुसरा प्रश्न आमच्या मनात पक्का बसण्याला एक प्रसंग कारणीभूत आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी एका गावी भरलेल्या कबड्डी स्पर्धेत आमच्या मुलांनी अंतिम सामना जिंकला. गावकऱ्यांनी टाळ्या वाजवल्या, हार घातले, बक्षीस दिले. मग पाणी आले. यजमान संघासाठी तांब्या-पेला आला आणि आमच्या मुलांसाठी प्लॅस्टिकचे पेले आले, जे पिऊन झाल्यावर फेकून देता येतील. कोणी वाईट शब्द बोलले नाही. परतीच्या जीपगाडीत मात्र जिंकलेला संघ मुकाट बसून होता.

थोर गोलंदाज पालवणकर बाळू यांना पुण्याच्या मैदानावर चहा मातीच्या वेगळ्या भांड्यात आणि मंडपाबाहेर मिळत असे, हा इतिहास आमच्या वाचकांना परिचित आहे. प्रस्तुत लेखात आम्ही सातासमुद्रापलीकडील एका खेळाडूचे चरित्र सांगणार आहोत. त्याचे नाव जॅक रूझवेल्ट रॉबिन्सन; जग त्याला जॅकी रॉबिन्सन म्हणून ओळखते. त्याच्या विश्वविख्यात पराक्रमावर ग्रंथ झाले, चित्रपट निघाले. आम्हांला अधिक महत्त्वाचे वाटते ते त्याचे शाळकरी आयुष्य, आणि ज्या लहानशा शहराने त्याला खेळाडू म्हणून घडवले व माणूस म्हणून नाकारले, त्या शहराशी असलेले त्याचे नाते.

जन्म आणि स्थलांतर

२७ जानेवारी १९१९ रोजी बाबासाहेबांनी साउथबरो समितीपुढे साक्ष देऊन अस्पृश्यांच्या राजकीय हक्कांची मागणी मांडली. त्यानंतर चारच दिवसांनी, ३१ जानेवारीला, अमेरिकेच्या दक्षिणेकडील जॉर्जिया राज्यात कैरो या गावाजवळ जॅकचा जन्म झाला. त्याच महिन्यात निधन पावलेल्या माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्या स्मरणार्थ त्याला मधले नाव देण्यात आले. त्याच्या आजोबांची पिढी गुलामगिरीत जन्मलेली होती. वडील जेरी एका गोऱ्या जमीनदाराच्या मळ्यावर राबत. आई मॅली ही धीट आणि हिशेबी बाई होती. नवऱ्याने नुसत्या मजुरीवर न राबता बटईने जमीन करावी, यासाठी तिनेच आग्रह धरला होता. जॅक काही महिन्यांचा असताना वडील घर सोडून गेले, ते पुन्हा आले नाहीत.

एडगर, फ्रँक, मॅथ्यू ऊर्फ मॅक, विला मे आणि तान्हा जॅक अशा पाच लेकरांना घेऊन मॅलीने १९२० साली आगगाडी धरली आणि थेट देशाच्या पश्चिम टोकाला, कॅलिफोर्नियातील पॅसाडेना शहरात आली. आपल्याकडे गावकीचे जू झुगारून मुंबईच्या गिरणीत, गोदीत किंवा नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये आलेल्या आजा-पणजांची आठवण आमच्या वाचकांना येथे व्हावी. गाव सोडणे हेच त्यांचे पहिले बंड होते. बाबासाहेबांनीही पुढे आपल्या समाजाला शहराची वाट दाखवली, ती याच जाणिवेने.

पॅसाडेना हे लॉस एंजलिसजवळचे, तेव्हा पंचेचाळीस हजारांच्या आसपास वस्तीचे, बागांचे आणि धनिकांच्या बंगल्यांचे शहर. मॅली गोऱ्यांच्या घरी धुणे, स्वयंपाक, झाडलोट करू लागली. पुढे नातलगांच्या साहाय्याने पेपर स्ट्रीट या रस्त्यावर तिने घर घेतले. तो रस्ता गोऱ्यांचा होता. या कुटुंबाला हुसकून लावण्यासाठी शेजाऱ्यांनी अर्ज केले, घरापुढे क्रूस पेटवला गेला. मॅली हलली नाही. तिने शेजाऱ्यांशी भांडण मांडले नाही आणि घरही विकले नाही.

आई पहाटेच कामावर जाई. धाकट्याला सांभाळायला घरी कोणी नसे, म्हणून बहीण विला मे त्याला आपल्याबरोबर शाळेत नेई. ती वर्गात बसे आणि तो शाळेच्या अंगणातील वाळूत दिवसभर खेळत राही. शाळेत नाव घालण्यापूर्वीच शाळेच्या मैदानाशी त्याची ओळख झाली ती अशी. आठ वर्षांचा असताना समोरच्या घरातील गोऱ्या मुलीने त्याला वर्णावरून शिवी दिली. त्यानेही उलट उत्तर दिले. तेव्हा मुलीचा बाप बाहेर आला, आणि प्रौढ माणसाची व आठ वर्षांच्या पोराची भर रस्त्यात दगडफेक झाली.

एकच बाग, दोन नियम

पॅसाडेनाच्या शाळांत काळी आणि गोरी मुले एकत्र शिकत. दक्षिणेतील राज्यांप्रमाणे वेगळ्या शाळांचा कायदा तेथे नव्हता. त्यामुळे हे शहर स्वतःला उदारमतवादी समजे. प्रत्यक्षात चित्रपटगृहात कृष्णवर्णीयांच्या बसण्याच्या जागा ठरलेल्या होत्या, तरुणांच्या व्यायामसंस्थेत त्यांना प्रवेश नव्हता आणि नगरपालिकेच्या नोकऱ्यांत त्यांच्या वाट्याला हलकी कामेच येत.

शहरात ब्रुकसाइड पार्क नावाची मोठी सार्वजनिक बाग आहे. तेथे बेसबॉलचे मैदान होते आणि पोहण्याचा तलावही होता. मैदानावर कोणीही खेळावे. तलावात मात्र गोऱ्यांखेरीज इतरांना आठवड्यातून एकच दिवस, मंगळवारी, उतरता येई. आणि तो दिवस संपला की तलावातील पाणी काढून टाकून नवे भरले जाई.

हे वाचताना आमच्या वाचकांना महाड आठवल्यावाचून राहणार नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले आणि त्यानंतर सनातन्यांनी पंचगव्याच्या १०८ घागरी ओतून ते तळे शुद्ध करून घेतले. महाड आणि पॅसाडेना यांमध्ये अर्ध्या पृथ्वीचे अंतर आहे. दोन्हीकडील लोकांना एकमेकांची खबरबातही नसावी. एकीकडे धर्मशास्त्राचा आधार होता, दुसरीकडे नगरपालिकेच्या नियमाचा. तरीही माणसाच्या स्पर्शाने पाणी बाटते ही समजूत दोन्हीकडे सारखीच होती. वर्ण आणि जात या भिन्न संस्था आहेत हे इतिहासाचे विद्यार्थी म्हणून आम्ही जाणतो. परंतु पाण्याच्या बाबतीत त्यांचे वर्तन पाहता त्या सख्ख्या बहिणी शोभाव्यात.

उन्हाळ्यात अंगाची लाही होई तेव्हा तलाव बंद असलेली मुले कोठे जाणार? जॅक आणि त्याचे सोबती एकदा शहराच्या पाणीपुरवठ्याच्या जलाशयात उतरले. पोलिसांनी बंदूक रोखून त्यांना बाहेर काढले आणि ठाण्यात नेले. पेपर स्ट्रीटच्या या टोळक्यात काळ्यांबरोबर जपानी, मेक्सिकन व गरीब गोरी मुलेही होती. फळे चोरणे, मोटारींवर मातीची ढेकळे फेकणे असे त्यांचे उद्योग चालत. मुलगा वाया जाण्याच्याच वाटेवर होता. दोन माणसांनी त्याला सावरले. एक होता मोहल्ल्यातील मोटार दुरुस्त करणारा कार्ल अँडरसन. घोळक्यामागे चालायला धाडस लागत नाही, हे त्याने पोराला नीट पटवून दिले. दुसरे होते तरुण धर्मोपदेशक कार्ल डाउन्स. त्यांनी आपल्या चर्चच्या आवारात मुलांसाठी खेळ सुरू केले आणि उनाड जॅकला धाकट्या मुलांचा शिक्षक केले. आमच्या वस्त्यांतील समता सैनिक दलाच्या कवायती आणि विहारातील संध्याकाळचे वर्ग ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना या कामाचे मोल सांगावे लागू नये.

हायस्कूलचा खेळाडू

१९३५ साली जॅक जॉन म्यूर टेक्निकल हायस्कूलमध्ये दाखल झाला. तेथे तो अमेरिकन फुटबॉल, बास्केटबॉल, बेसबॉल आणि मैदानी खेळ अशा चार प्रकारांत शाळेकडून खेळला. फुटबॉलमध्ये डाव रचणारा क्वार्टरबॅक तो, लांब उडीत तो आणि बेसबॉलमध्ये कधी क्षेत्ररक्षक तर कधी चेंडू झेलणारा कॅचरही तोच. १९३६ मध्ये कृष्णवर्णीयांच्या पॅसिफिक किनारा टेनिस स्पर्धेत मुलांच्या गटातील एकेरीचे विजेतेपदही त्याने मिळवले.

छोट्या शहरात शाळेचा सामना हा साऱ्या शहराचा उत्सव असतो. आपल्याकडे यात्रेतील कुस्तीच्या फडाला जशी गर्दी लोटते तशी तेथे हायस्कूलच्या फुटबॉलला लोटे. स्थानिक वृत्तपत्रे मुलांची नावे मथळ्यात छापत. दुकानदार, वकील, डॉक्टर सारे कडेला उभे राहून ओरडत. जॅक चेंडू घेऊन धावू लागला की गोरे प्रेक्षक उठून उभे राहत. तेच प्रेक्षक मंगळवारखेरीज अन्य दिवशी त्याला आपल्या तलावात उतरू देत नव्हते. या दोन गोष्टी एकाच शहरात आणि एकाच मनात सुखाने नांदत होत्या. आमच्या मुलांना हार घालणाऱ्या त्या गावाचे आम्हांला कोडे पडले होते, त्याचा उलगडा आम्हांला येथे झाला. खेळाडूचे कौतुक करायला प्रेक्षकाला आपले काहीच सोडावे लागत नाही. पाणी, घर आणि नोकरी वाटून घेताना मात्र सोडावे लागते.

पुढे पॅसाडेना ज्युनियर कॉलेजात त्याचा खेळ आणखी बहरला. तेथे ओक्लाहोमाहून आलेल्या काही गोऱ्या खेळाडूंना काळ्यांबरोबर खेळणे रुचत नव्हते. जॅक आणि त्याच्या मित्रांनी आपण दुसऱ्या कॉलेजात जाऊ असे प्रशिक्षकाला बजावले, तेव्हा प्रशिक्षकाने गोऱ्यांना समज दिली. एकजुटीने घेतलेली भूमिका काय करू शकते, याचा हा त्याचा पहिला धडा असावा. १९३८ च्या हंगामात त्या संघाने अकराच्या अकरा सामने जिंकले.

७ मे १९३८ या दिवसाची कथा आम्ही दरवर्षी क्रीडा सप्ताहात मुलांना सांगतो. सकाळी जॅकने एका गावी लांब उडीत २५ फूट ६½ इंचांची झेप घेऊन कनिष्ठ महाविद्यालयीन विक्रम मोडला. हा विक्रम त्याच्या सख्ख्या भावाच्या, मॅकच्या, नावावर होता. तेथून मोटारीने तो ग्लेंडेल या गावी गेला, वाटेतच पोशाख बदलला आणि चालू सामन्यात उतरून आपल्या संघाला बेसबॉलचे अजिंक्यपद मिळवून देण्यात वाटा उचलला. त्याच वर्षी वसंत ऋतूत ब्रुकसाइड पार्कच्या मैदानावर शिकागोच्या व्यावसायिक संघाविरुद्ध स्थानिक मुलांचा सामना झाला. जॅकचा खेळ पाहून पाहुण्या संघाचे व्यवस्थापकही थक्क झाले. परंतु व्यावसायिक बेसबॉलमध्ये काळ्यांना स्थान नव्हते. तसा नियम कोठे लिहिलेला नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून सारे संघमालक तो मुकाट्याने पाळत आले होते.

रुपेरी पदक आणि झाडू

जॅकच्या चरित्रात मॅकची कथा ओघाने सांगितली जाते. आम्हांला ती मध्यवर्ती वाटते.

मॅकच्या हृदयात दोष आहे असे डॉक्टरांनी सांगितले होते, तरी तो धावत राहिला. १९३६ च्या ऑलिंपिक निवड चाचणीला जाण्यासाठी शहरातील व्यापाऱ्यांनी वर्गणी काढून त्याला पैसे दिले. त्याच वर्षी बर्लिन येथे हिटलरच्या डोळ्यांदेखत मॅकने २०० मीटर शर्यतीत रौप्यपदक मिळवले. त्याच्या पुढे एकच माणूस होता, जेसी ओवेन्स. कॉलेजच्या हंगामात झिजलेलेच खिळ्यांचे बूट घालून मॅक धावला होता.

पदक घेऊन तो घरी आला. शहराने त्याचा कसलाही विशेष सत्कार केला नाही. त्याला नगरपालिकेत नोकरी मिळाली ती रात्रपाळीत रस्ते झाडण्याची. देशाचे नाव लिहिलेले ऑलिंपिकचे जाकीट अंगात घालून तो पॅसाडेनाचे रस्ते झाडत असे. पुढे १९४० च्या दशकात न्यायालयाने तलाव सर्वांना खुला करण्याचा निकाल दिला, तेव्हा नगरपालिकेने सूड म्हणून कृष्णवर्णीय कामगारांना कामावरून काढले. त्यात मॅकची झाडूची नोकरीही गेली.

झाडू आणि जात यांचे नाते आमच्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. आमच्यापैकी कित्येकांच्या घरी महापालिकेच्या सफाई खात्यातील नोकरी वारसाहक्काने आली, आणि ती सुटावी म्हणूनच आईबापांनी आम्हांला वसतिगृहात धाडले. एका पिढीला पदक मिळूनही झाडू सुटत नसेल, तर पदकाबरोबर आणखी काही मिळवावे लागते. जॅकने भावाकडे पाहून हे ओळखले. आपल्या शहराविषयीचा कडवटपणा त्याच्या मनातून पुढेही गेला नाही, आणि त्याने तो लपवलाही नाही.

शहराबाहेरचे आयुष्य

यापुढील रॉबिन्सन यांचा उल्लेख आम्ही आदरार्थी करतो. कारण पोर आता प्रौढ झाला.

थोरले बंधू फ्रँक १९३९ मध्ये मोटारसायकलच्या अपघातात दगावले. त्यानंतर रॉबिन्सन लॉस एंजलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात शिकू लागले. चार वेगवेगळ्या खेळांत विद्यापीठाचा सन्मान मिळवणारे ते तेथील पहिले विद्यार्थी होत. गंमत अशी, की ज्या बेसबॉलने त्यांना अमर केले, त्यातच त्यांची तेथील कामगिरी सर्वांत फिकी होती. १९४१ साली, पदवी हाताशी आली असताना, त्यांनी शिक्षण सोडले. काळ्या माणसाला पदवीने नोकरी मिळणार नाही आणि आईवरचा भार हलका करायला हवा, असे त्यांना वाटले. शिक्षक या नात्याने हा निर्णय आम्हांला आजही टोचतो, पण तो का घेतला गेला हे कळत नाही असे आम्ही म्हणू शकत नाही. अशी कारणे सांगून दहावी-बारावीनंतर शाळा सोडणारी मुले आम्ही पाहिली आहेत.

युद्धकाळात ते सैन्यात गेले आणि १९४३ मध्ये अधिकारी झाले. ६ जुलै १९४४ रोजी टेक्ससमधील लष्करी तळावर बसच्या चालकाने त्यांना मागच्या बाजूला जाऊन बसण्यास फर्मावले. त्यांनी नकार दिला. त्यांच्यावर लष्करी न्यायालयात खटला चालला आणि ते निर्दोष सुटले. अलाबामातील मॉन्टगोमेरी शहरात रोझा पार्क्स यांनी बसमधील जागा सोडण्यास नकार दिला, त्याच्या अकरा वर्षे आधीची ही घटना आहे.

सैन्यातून बाहेर पडल्यावर ते कृष्णवर्णीयांच्या स्वतंत्र लीगमध्ये खेळू लागले. २८ ऑगस्ट १९४५ रोजी ब्रुकलिन डॉजर्स संघाचे प्रमुख ब्रँच रिकी यांनी त्यांना भेटीस बोलावले. रिकी यांना वर्णभेदाची भिंत पाडायची होती. उत्तम खेळाडू आणि नवा प्रेक्षकवर्ग मिळवून संघाचा लाभही साधायचा होता. दोन्ही हेतू खरे होते. त्यांनी रॉबिन्सन यांना अपमानाचे नाना प्रकार करून दाखवले आणि पहिली काही वर्षे कोणालाही उलट उत्तर देणार नाही, असे वचन घेतले. आठव्या वर्षी दगडाला दगडाने उत्तर देणारा, बसमधून न उठणारा हा माणूस. त्याने हे वचन द्यावे याचा अर्थ काय? आमच्या मते ती शरणागती नव्हती. काळाराम मंदिराच्या सत्याग्रहात लाठ्या-दगड सोसणाऱ्या आपल्या लोकांनी जो संयम पाळला, त्याच जातीचा हा संयम होता. एका माणसाच्या रागाचे निमित्त करून साऱ्या समाजाला दार बंद केले जाईल, हे दोघेही ओळखून होते.

१० फेब्रुवारी १९४६ रोजी रेचेल इसम यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्या वर्षी ते कॅनडातील मॉन्ट्रिऑल येथे दुय्यम संघातून खेळले. त्याच उन्हाळ्यात बाबासाहेबांनी कृष्णवर्णीयांचे विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रांपुढील त्यांच्या अर्जाविषयी विचारणा केली होती. दोन पीडित समाज एकमेकांची चाहूल घेत होते, ते हे वर्ष.

१५ एप्रिल १९४७ रोजी ४२ क्रमांकाचा पोशाख घालून रॉबिन्सन ब्रुकलिनच्या मैदानावर उतरले आणि सहा दशकांची अलिखित बंदी संपली. त्या हंगामात त्यांना शिव्या मिळाल्या, ठार मारण्याच्या धमक्यांची पत्रे आली, संघ उतरत असलेल्या हॉटेलात जागा नाकारली गेली. प्रतिस्पर्धी गोलंदाज मुद्दाम अंगावर चेंडू टाकत. त्यांनी वचन पाळले आणि उत्तर खेळाने दिले. त्या वर्षीचे सर्वोत्कृष्ट नवोदित खेळाडू तेच ठरले. १९४९ मध्ये ते लीगचे सर्वांत मौल्यवान खेळाडू ठरले. मौनाची मुदत तोवर संपली होती. पुढे ते मैदानावर वाद घालू लागले, आणि काल ज्यांनी त्यांच्या सोशिकपणाची स्तुती केली होती तेच आता त्यांना उद्धट म्हणू लागले. ५ जून १९५२ रोजी कोलंबिया विद्यापीठाने बाबासाहेबांना मानद पदवी देऊन गौरवले, तेव्हा नदीपलीकडच्या ब्रुकलिनचा हा खेळाडू आपल्या कीर्तीच्या शिखरावर होता. १९५५ मध्ये डॉजर्सने जागतिक मालिका जिंकली. १९५६ च्या हंगामानंतर ते निवृत्त झाले.

खेळानंतर

निवृत्तीनंतरचे त्यांचे आयुष्य चुकांपासून मुक्त नव्हते. १९४९ साली संसदेच्या एका समितीपुढे त्यांनी थोर कृष्णवर्णीय गायक पॉल रॉबसन यांच्या विरोधात साक्ष दिली होती. त्याचा खेद पुढे त्यांना वाटला. १९६० मध्ये त्यांनी निक्सन यांना पाठिंबा दिला आणि नंतर त्यांचा भ्रमनिरास झाला. तरुण जहाल पिढीने त्यांच्यावर टीका केली. आम्ही हे झाकून ठेवत नाही, कारण महापुरुषांची पूजा न करता त्यांची चिकित्सा करावी ही शिकवण आम्हांला मिळालेली आहे.

पण त्यांनी आपली कीर्ती घरात बसून उपभोगली नाही, हेही तेवढेच खरे. नागरी हक्कांच्या चळवळीसाठी त्यांनी निधी गोळा केला, दक्षिणेत जाऊन सभा घेतल्या, १९६३ च्या वॉशिंग्टन मोर्चात ते मुलाबाळांसह सामील झाले. गोऱ्यांच्या बँका काळ्यांना कर्ज देत नाहीत म्हणून १९६४ मध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात फ्रीडम नॅशनल बँक स्थापन करण्यात त्यांनी पुढाकार घेतला. मतदानाचा हक्क आणि पैशाची ताकद या दोन्हींवाचून समता पुरी होत नाही, असा त्यांचा विचार होता.

१९७१ मध्ये थोरला मुलगा अपघातात गेला. मधुमेहाने दृष्टी अधू झाली, केस पांढरे झाले. १५ ऑक्टोबर १९७२ रोजी, त्यांच्या पदार्पणाला पंचवीस वर्षे झाल्याबद्दल, जागतिक मालिकेच्या सामन्यात त्यांचा गौरव झाला. आभार मानताना त्यांनी एक मागणी मांडली. एखाद्या संघाचा व्यवस्थापक म्हणून कृष्णवर्णीय माणूस उभा असलेला आपल्याला पाहायचा आहे, असे त्यांनी साऱ्या देशासमोर सांगितले. म्हणजे खेळण्याची मुभा मिळाली एवढ्याने ते समाधानी नव्हते; निर्णय घेणाऱ्या जागेवर आपला माणूस हवा, हे त्यांचे अखेरचे सार्वजनिक मागणे होते. आमच्या समाजाने शासनकर्ती जमात व्हावे, असे आम्हांला कोणी सांगितले होते, याची आठवण वाचकांना करून देण्याची गरज नाही. या गौरवानंतर नऊच दिवसांनी, २४ ऑक्टोबरला, वयाच्या ५३ व्या वर्षी रॉबिन्सन यांचे निधन झाले. त्याच १९७२ साली अमेरिकेतील ब्लॅक पँथरचे नाव घेऊन मुंबईत दलित पँथर उभी राहिली होती. १९७५ मध्ये एका मोठ्या संघाला पहिला कृष्णवर्णीय व्यवस्थापक मिळाला. तो पाहायला ते नव्हते.

शहराची परतफेड

१९९७ साली बेसबॉलच्या सर्व संघांनी ४२ हा क्रमांक कायमचा राखून ठेवला. त्याच वर्षी पॅसाडेना नगरपालिकेच्या इमारतीसमोर जॅक आणि मॅक या दोघा भावांची मोठी शिल्पे बसवण्यात आली. ब्रुकसाइड पार्कमधील बेसबॉलच्या मैदानालाही आज जॅकी रॉबिन्सन यांचे नाव आहे. शहराने उशिरा का होईना, हे केले. मॅक तेव्हा हयात होते. ज्या नगरपालिकेने हाती झाडू दिला आणि नंतर तोही काढून घेतला, तिच्याच दारासमोर आपली प्रतिमा उभी राहिलेली त्यांनी पाहिली.

आता त्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर. मैदानावरचा मान आपोआप वेशीत येत नाही. जॅकचा आला नाही, मॅकचा आला नाही, बाळूंचा आला नाही. तलाव खुला झाला तो न्यायालयात दाद मागितल्यामुळे, आणि चवदार तळ्याचा हक्कही १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयातच शाबीत झाला. खेळाने त्या मुलाला शिस्त, सोबती आणि भर गर्दीत ताठ उभे राहण्याची सवय दिली. उरलेले काम त्याला आणि त्याच्या समाजाला संघटनेने, शिक्षणाने आणि कायद्याने करावे लागले.

म्हणून पालकांच्या पहिल्या प्रश्नालाही आमचे उत्तर सरळ आहे. मुलांना खेळू द्या, आणि पदवीच्या तोंडाशी शाळा सोडू देऊ नका. माजी विद्यार्थ्यांना आमची विनंती एवढीच, की क्रीडा साहित्याला देणगी देताना गरीब खेळाडूच्या पुढील शिक्षणासाठीही काही रक्कम राखून ठेवावी. काचेच्या कपाटात यंदा आम्ही ढालींशेजारी दोन छायाचित्रे लावली आहेत. एक जॅकचे, एक मॅकचे. मुले जॅकबद्दल आपणहून विचारतात. मॅकबद्दल आम्ही त्यांना सांगतो.